स्टूल घेऊन येणारे साहेब

आमच्या बँकेत पैसे ठेवायची सोय नव्हती. पाटीवर 'बँक' हा शब्द भला मोठा होता, त्यामुळे आठवड्यातून एखादी आजी तीन जिने चढून पासबुक काढायला यायचीच. मग आमचा शिपाई तिला खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि समजावायचा की आजी, ती बँक खाली, उजव्या हाताला. आमची बँक सरकारची होती आणि तिला एकच काम नेमून दिलेलं होतं. ज्याला स्वतःचा धंदा उभा करायचाय, वर्कशॉप म्हणा, चार मशीनची शेड म्हणा, त्याला कर्ज देऊन हात द्यायचा. देश पुढे जायचा असेल तर अशी माणसं पुढे गेली पाहिजेत, असं दाराशी काचेच्या चौकटीत लिहून ठेवलं होतं. ती काच पुसायचं कामही शिपायाकडेच होतं.

मी तिथे एकोणीस वर्षं टायपिस्ट होते. त्यातली बरीचशी वर्षं एका माणसाचं हस्ताक्षर लावण्यात गेली. ते पाहणी अधिकारी होते. कोणी अर्ज केला की त्याच्या जागेवर जायचं, धंदा चालेल का ते बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. बाहेरचे लोक 'स्टूलवाले' म्हणायचे.

त्याला कारण होतं. बाकीचे अधिकारी पाहणीला गेले की मालकाच्या खुर्चीत बसत, चहा घेत, मशीनवरून एक नजर फिरवत आणि तासाभरात परत येत. साहेब सकाळी शटर उघडायच्या वेळेला पोचायचे. काखेत एक घडीचं कापडी स्टूल असायचं. कुणाच्या वाटेत येणार नाही असा कोपरा बघून ते स्टूल मांडायचे, "तुमचं चालू द्या," म्हणायचे, आणि शटर बंद होईपर्यंत तिथेच बसायचे. डबा तिथेच खायचे.

ते सांगायचे, पहिला तासभर माणसं फोटो काढायला उभी राहिल्यासारखी वागतात. दुसऱ्या तासात गप्पा मारायचा प्रयत्न करतात. जेवणानंतर मात्र विसरून जातात की कोपऱ्यात कोणी बसलंय. खरी पाहणी तिथून सुरू होते. कोण कोणावर ओरडतं, कोणाचं कोण ऐकतं, सगळं कळतं.

त्यांचे अहवाल टाइप करताना मला हसू आवरायचं नाही. एकात लिहिलं होतं, "मालक दिवसात अकरा वेळा स्क्रू ड्रायव्हर शोधतात. मशीन देण्याआधी यांना एक कपाट द्यावे." दुसऱ्यात होतं, "दोघे भाऊ भागीदार आहेत, पण एकमेकांशी कामगारामार्फत बोलतात. आधी समेट, मग मंजुरी." वरच्या समितीला वाटायचं हा माणूस थट्टा करतो. थट्टा करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी बघितलं ते लिहिलं, एवढंच. त्या मालकाने पुढे खरोखर कपाट घेतलं, आणि त्यानंतर मशीनही.

घरी मात्र या नजरेची काही किंमत नव्हती. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या आणि बोलायला फटकळ. मला म्हणायच्या, "लोकांच्या भट्ट्या दिवस दिवस बघतात. घरात पाच मिनिटं दुधाजवळ उभं केलं तर दूध उतू घालवतात."

मग एका वर्षी सरकारने मोठा आकडा जाहीर केला. वर्षभरात देशात इतके हजार नवे उद्योजक उभे करायचे. तो आकडा वरून खाली येता येता आमच्या भिंतीवर आला. दर शनिवारी फळ्यावर प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावापुढे महिन्यात किती फाइली हातावेगळ्या केल्या ते लिहिलं जाऊ लागलं. कोणाच्या अठ्ठावीस, कोणाच्या तीस. साहेबांच्या पाच.

आमचे मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनाही वरून कोणीतरी फळा दाखवत असणार. त्यांनी साहेबांना आत बोलावलं. मी त्या वेळी डिक्टेशन घ्यायला आत बसले होते, म्हणून मला ते संभाषण ऐकायला मिळालं.

"तुम्ही म्हणे दिवसभर बसून असता."

"हो."

"करता काय?"

"बघतो."

मोठ्या साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पुढच्या सोमवारी साहेबांची तळघरात बदली झाली, तीही बढतीवर. कागदावर हुद्दा होता 'अभिलेख प्रमुख'. अभिलेखात ते एकटेच होते, त्यामुळे प्रमुख कोणाचे, हा प्रश्न आम्ही कोणी विचारला नाही. टेबल आवरताना ते ताकास तूर लागू देत नव्हते, पण एक फाइल त्यांनी तीन वेळा उचलली आणि तीन वेळा खाली ठेवली.

ती फाइल काचवाल्या बाईंची होती.

या बाई एकोणीस वर्षं बल्बच्या कारखान्यात होत्या. कारखाना बंद पडला. तिथे सगळ्यांत अवघड काम त्यांच्याकडे असायचं. ज्योतीवर काचेची नळी फिरवायची, मऊ झाली की वाकवायची, जोडायची, फुंकायची. आता त्यांना शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवायची होती. सगळ्यांत जास्त मागणी होती ती नळीत नळी बसवलेल्या कंडेन्सरला. आतल्या नळीतून वाफ जाते, बाहेरच्या नळीतून गार पाणी, आणि वाफेचं पुन्हा पाणी होतं. दोन नळ्या जिथे जुळतात तो सांधा म्हणजे सगळी कला. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी बर्नर मांडला होता. बँकेकडून हवी होती ती भट्टी. तयार काच भट्टीत ठेवून हळूहळू गार केली नाही तर आज ना उद्या तडकते.

साहेब त्यांच्याकडे एक दिवस बसून आले होते आणि लिहिलं होतं, "बाईंच्या हाताला तोड नाही. जागेचा अंदाज आलेला नाही. अजून दोनदा जावे लागेल." ते दोनदा जाणं राहिलं. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली आणि आठवड्यात मंजूर झाली. फळ्यावर त्याचा एक आकडा वाढला.

तळघरात साहेबांना खरं म्हणजे काहीच काम नव्हतं. दुसरा कोणी असता तर पेपर वाचत बसला असता. हे मिटवलेल्या फाइली वाचत बसले. ज्यांचे धंदे बंद पडले त्यांच्या फाइली तिथे मागच्या तीन रांगांत होत्या. मी कधी काही कागद द्यायला खाली गेले की ते मला एखादी उघडून दाखवायचे. एकदा म्हणाले, "हे बघा. कर्ज देण्याआधी आपला माणूस इथे गेला होता. पैसे थकल्यावर वसुलीचा माणूस गेला. मधली दोन वर्षं बँकेचं कोणीही फिरकलेलं नाही. आणि धंदा बंद पडतो तो या मधल्या दोन वर्षांतच."

मी म्हटलं, सगळीकडे असंच असणार. ते म्हणाले, तेच तर.

सहा-सात महिने गेले. एक दिवस वरून एक पत्र फाइलला जोडायला खाली आलं. काचवाल्या बाईंचं होतं. कोपऱ्यात अधिकाऱ्याने शेरा मारला होता, 'फाइलला लावावे'. साहेबांनी ते पत्र मला वाचायला दिलं. बाईंनी लिहिलं होतं, "भट्टी उत्तम आहे, तिच्यात काही दोष नाही. दोष माझा आहे. माझ्या हातून आता पहिल्यासारखं काम होत नाही, अर्धे नग तडकतात. ही भट्टी घेऊन जावी आणि ज्याला वापरता येईल अशा कोणालातरी द्यावी."

साहेब पत्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "एकोणीस वर्षांचा हात सात महिन्यांत बिघडत नाही."

त्यांना पाहणीला जायचा अधिकार उरला नव्हता. पण रविवारी कोणी कुठे जावं याबद्दल बँकेचा काही नियम नव्हता. ते रविवारी गेले. बाईंचं काम साचलेलं असल्यामुळे त्या रविवारीही बर्नरपाशीच होत्या. साहेब स्टूल टाकून बसले आणि दिवस मावळल्यावर परत आले. सोमवारी मला सांगितलं, हात अगदी पूर्वीसारखाच आहे. तडे सांध्याजवळ जातात, केसाएवढे बारीक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडल्यावरच दिसतात. बाईंनी नळ्यांचा पुरवठादार बदलून पाहिला. भट्टीचं तापमान वरखाली करून पाहिलं. मग स्वतःला दोष द्यायला लागल्या. साहेबांनी जाताना एवढंच सांगितलं होतं की आठवडाभर प्रत्येक नगावर खडूने क्रमांक घाला, पहिला, दुसरा, तिसरा, ज्या क्रमाने कराल तसा.

शुक्रवारी बाईंचा फोन आला. रोज चौदाव्यापासून पुढचे नग तडकत होते. तेराव्यापर्यंत सगळे धडधाकट.

"चौदावा नग किती वाजता होतो?" साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, जेवण झाल्यावर.

त्या रविवारी साहेबांनी मलाही बरोबर नेलं. म्हणाले, मला बघायचं असतं तेव्हा लिहिता येत नाही, तुम्हाला लघुलिपी येते, जे जे होईल ते वेळेसकट उतरवून घ्या. बसला गर्दी नव्हती. वाटेत मी सहज विचारलं की दिवसभर बसून राहायची ही सवय लागली कुठून. मला वाटलं नव्हतं ते सांगतील.

सव्विसाव्या वर्षी त्यांनी स्वतः वर्कशॉप काढलं होतं. पंपात बसणारे रबरी वायसर बनवायचे. कर्ज अशाच एका बँकेने दिलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने कागदावरून मानही वर न करता सही केली, आणि हे आनंदाने घरी गेले. वायसर चांगले होत, मागणीही होती. पण वर्कशॉप ज्या गल्लीत होतं तिथे ट्रक वळत नव्हता. माल हातगाडीवर घालून चौकापर्यंत न्यावा लागायचा, कच्चा मालही तसाच आणायचा. त्यातच सगळा नफा गेला आणि चौदा महिन्यांत कुलूप लागलं.

"मी तरुण होतो, मला दिसलं नाही," ते म्हणाले. "पण कोणीतरी एकदा येऊन गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं असतं, तर त्याला दिसलं असतं. त्यानंतर मी बँकेची परीक्षा दिली."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

काचवाल्या बाईंची खोली लांबट होती. मधोमध बर्नर, त्याच्यापुढे बाई. डोळ्यांना जांभळट चष्मा, त्यातून ज्योतीपलीकडे फारसं काही दिसत नाही. बर्नरचा आवाज इतका की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. पाठीमागच्या भिंतीला लागून एक फळी होती. झालेला प्रत्येक नग बाई हात मागे करून त्या फळीवर ठेवायच्या, आणि संध्याकाळी सगळे मिळून भट्टीत जायचे. खोलीत पंखा नव्हता. पंख्याने ज्योत हलते. त्यामुळे आत भयंकर उकडत होतं. मी दर दहा मिनिटांनी घाम पुसत होते आणि बाई तासन्‌तास त्या ज्योतीसमोर.

घरात त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांनी आम्हाला दारातच विचारलं होतं की भट्टी उचलून न्यायला आलात का. साहेब नाही म्हणाले, तर म्हणाल्या, "मग बसा. सूनबाईला सांगून काही उपयोग नाही, तिला काचेनं झपाटलंय." सासू-सुनांचं भांडण नव्हतं, पण दोघींचं बोलणं मीठ कुठेय आणि दार लावलंस का, एवढ्यापुरतंच असावं असं वाटलं.

मी लिहीत गेले. नग अमुक, वेळ तमुक. बाई पाणी प्यायल्या. मांजर आलं, गेलं. बाई जेवायला गेल्या. परत आल्या. साहेब हलले नाहीत. मला दोनदा डुलकी लागली, ते मी लिहिलं नाही.

संध्याकाळी शेवटचा नग फळीवर ठेवून बाईंनी बर्नर बंद केला. अचानक शांत झालं. साहेब मला म्हणाले, वाचा. मी जेवणानंतरचं वाचायला लागले. "दोन वाजून पाच, बाई परत आल्या. दोन दहा, बर्नर पेटवला. दोन पंधरा, वरची खिडकी उघडली. दोन वीस, नग क्रमांक..."

"कोणती खिडकी?" बाईंनी विचारलं.

आम्ही तिघांनी वर बघितलं. पाठीमागच्या भिंतीत, पार छताजवळ, एक छोटी खिडकी होती. ती बाहेरून दोरीने उघडायची होती. ती सताड उघडी होती आणि तिच्या बरोबर खाली नगांची फळी. मी हात वर केला. गार हवेचा झोत भिंतीवरून सरळ खाली फळीवर येत होता. बाईंच्या ज्योतीपर्यंत तो पोचतच नव्हता, म्हणून ज्योत कधी हलली नाही आणि त्यांना कधी कळलं नाही. तापलेल्या सांध्यांवर मात्र तो रोज दुपारी पडत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा प्रकार.

"पण ती उघडतं कोण?" बाई म्हणाल्या.

"मी उघडते," दारातून आवाज आला. सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. "जेवण झालं की दोरी ओढते आणि संध्याकाळी बंद करते. आत घामाने आंघोळ होते तिची. विजेचे पैसे वाचवायला पंखा लावत नाही. सांगितलं तर ऐकायची नाही, म्हणून सांगितलं नाही."

बाईंनी चष्मा काढला. त्या सासूबाईंकडे अशा बघत होत्या, जणू सोळा वर्षं घरात वावरणाऱ्या या बाईला त्या आज पहिल्यांदा बघताहेत. मला साहेबांची काळजी वाटली. आता या म्हातारीला कसं सांगणार की आजी, तुमच्या मायेने सात महिने काच तडकतेय. सांगितलं नाही तर घोडं अडलेलंच राहणार, आणि सांगितलं तर हिच्या मनाला कायमची टोचणी.

साहेबांनी चहाचा कप घेतला. शांतपणे म्हणाले, "आजी, तुम्ही उघडता ते बरोबर आहे. हवा पाहिजेच. फक्त वेळ चुकतेय. फळीवर गरम काच असेल तोवर तिला वारा सोसत नाही, बाळंतिणीसारखं असतं तिचं. शेवटचा नग भट्टीत गेला की लगेच उघडायची. हे कोणीतरी घड्याळ लावून सांभाळायला हवं. सूनबाईंना ज्योतीपुढून मान वळवता येत नाही. तुमच्याशिवाय कोण करणार?"

सासूबाईंनी फळीकडे बघितलं, मग वर खिडकीकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं, आम्हाला दिसलंच. पण साहेबांनी जी वाट काढून दिली होती तिच्यावरूनच त्या चालल्या.

"मला आधी सांगायचं की," त्या सुनेला म्हणाल्या. "मी काय घरात बसून माशा मारते?"

"तुम्ही उघडता हे मला माहीत असतं तर सांगितलं असतं," बाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीचा ताबा सासूबाईंकडे रीतसर गेला. फळी समोरच्या भिंतीला हलवली. बाईंनी दर तासाला पाच मिनिटं बाहेर येऊन बसायचं, हा नियमही सासूबाईंनीच केला आणि तो मोडायची सुनेची टाप नव्हती. महिन्याभरात तडे थांबले. वर्षभराने गवतात नग बांधून खोक्यात भरायचं काम सासूबाई करत होत्या आणि दोन मुली बाईंच्या हाताखाली ज्योतीवर नळी फिरवायला शिकत होत्या. भट्टी परत न्यायला सांगणारं पत्र मात्र फाइललाच राहिलं. साहेबांनी ते काढू दिलं नाही.

त्या रविवारनंतर आमचे बरेच रविवार असेच गेले. साहेबांनी बंद पडलेल्या फाइलींतून बासष्ट पत्ते काढले आणि एकेकाकडे जायला सुरुवात केली. जमेल तेव्हा मीही जायचे. माझा नवरा म्हणायचा, बँकेला सुट्टी असते, तुम्हा दोघांना नाही. लोक आधी दारच उघडत नसत. बँकेचा माणूस म्हटला की वसुली. मग साहेब सांगायचे की मला काही मागायचं नाही, फक्त काय झालं ते ऐकायचंय. हे ऐकल्यावर एक गृहस्थ दारातच रडायला लागले. सहा वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

अडीच वर्षांत बासष्टपैकी सत्तेचाळीस भेटले. साहेब त्यांचं ऐकून लिहायचे आणि मी टाइप करायचे. एकाचा रस्ता दोन वर्षं खोदून ठेवला होता. एकाकडे मशीन चालवता येणारा एकच कारागीर होता, तो मुलीकडे राहायला गेला आणि मशीनवर चादर पडली. एकीने माल पुरवणाऱ्या मैत्रिणीला दुखवायला नको म्हणून खराब माल परत पाठवला नाही. पैसा कमी पडला म्हणून धंदा गेला, असे त्यांत नऊच निघाले. बाकीच्यांचं जे बिघडलं ते वेळेवर कोणी बघितलं असतं तर सुधारता आलं असतं. शंभर पानं झाली. वर नाव दिलं, 'बंद पडलेल्यांनी सांगितलेलं'. साहेबांनी ती प्रत वर पाठवली आणि आम्ही उत्तराची वाट बघत बसलो.

सात महिने काहीच आलं नाही. मला राग आला होता, त्यांना आला नाही. म्हणाले, वाचायला वेळ लागतो. मला खात्री होती की ती प्रत कुठल्यातरी कपाटाखाली पाय म्हणून लावली असणार.

मग मुख्य कार्यालयात नव्या संचालक बाई आल्या. त्यांनी जुनी कपाटं साफ करायला घेतली, आणि एक दिवस साहेबांना बोलावणं आलं. ते इतके घाबरले की वहिनींनी त्यांना दोनदा शर्ट बदलायला लावला. मी प्रत टाइप केली होती म्हणून मलाही नेलं. संचालक बाईंच्या टेबलावर आमची शंभर पानं होती आणि कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही रविवारी केलंत. आता तुम्हाला काय हवंय?"

मला वाटलं, आता हे जुनं टेबल परत मागतील. गाडीभत्ता तरी मागतील.

"परत जायची परवानगी," साहेब म्हणाले. "कर्ज दिल्यानंतर. सहा महिन्यांनी एकदा. हप्त्याचं विचारायचं नाही, फॉर्म भरायचा नाही. फक्त एक दिवस बसायचं आणि कसं चाललंय ते बघायचं."

संचालक बाई म्हणाल्या, फॉर्मशिवाय सरकारी काम कधी झालेलं नाही. साहेब म्हणाले, म्हणूनच परवानगी मागतोय.

फॉर्म शेवटी आलाच, पण तो एका ओळीचा होता. तारीख, आणि 'काय दिसलं'. कागदोपत्री त्या भेटीला लांबलचक नाव होतं, पण आम्ही सगळे तिला खुशाली म्हणायचो. 'आज साहेब कुठे?' 'खुशालीला गेलेत.' निवृत्तीपर्यंतची चार वर्षं साहेबांनी हेच काम केलं आणि सहा नव्या मुलामुलींना शिकवलं. त्यातल्या एकीने पहिल्याच महिन्यात येऊन विचारलं की दिवसभर बसून कंटाळा आला तर काय करायचं. साहेब म्हणाले, कंटाळा येईपर्यंत बसायचंच असतं, दिसायला त्यानंतर लागतं. खुशाली सुरू झाल्यापासून तळघरातल्या त्या तीन रांगा वाढायच्या थांबल्या, असं मी म्हणणार नाही. वाढतात. पण सावकाश वाढतात.

साहेब निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मीही नोकरी सोडली. कॉलेजजवळ एक गाळा मिळत होता. प्रबंध टाइप करून द्यायचे आणि पुठ्ठा घालून बांधून द्यायचे, असं माझ्या मनात होतं. साहजिकच आधी साहेबांना दाखवलं. ते दोन दिवस गाळ्यासमोर बसले. तिसऱ्या दिवशी घरी येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, नका करू. आता घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरं स्वतः टाइप करतात, तुमच्याकडे कोण येणार. वहिनी म्हणाल्या, यांनी नाही म्हटलंय म्हणजे विचार करा हो. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी गाळ्याचा करार केला. इतकी वर्षं त्यांचं हस्ताक्षर लावलं होतं, म्हटलं, एकदा आपल्या मनासारखं करून बघू.

साहेबांचं एक खरं होतं. पोरं स्वतः टाइप करतात. पण समास सोडता येत नाहीत, पानांचे क्रमांक लागत नाहीत, अनुक्रमणिका जुळत नाही, आणि प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी सगळी माझ्या दारात उभी असतात. आठ वर्षं झाली. दोन बायका कामाला आहेत, पुठ्ठा कापायचं नवं मशीन आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत मला जेवायला उसंत नसते.

साहेब आता सत्तर वर्षांचे आहेत. महिन्यातून एकदा काठी टेकत येतात. बाकड्यावर पोरांच्या मधे जाऊन बसतात, कोण काय बांधायला घेऊन आलंय ते डोकावून बघतात. मागच्या वेळी रांग बाहेर फुटपाथपर्यंत गेली होती. ती बघून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"माझं चुकलं होतं," ते म्हणाले. चेहरा असा फुलला होता की जणू गाळा त्यांचाच आहे. "हे नीट लिहून ठेवा कुठेतरी. मी काय बघायला विसरलो ते."

मी विचारलं, काय विसरलात. ते म्हणाले, ते अजून शोधतोय, आणि शेजारच्या मुलीला तिच्या प्रबंधाचा विषय विचारू लागले.